दोन बाभळींमधली जागा

जमीन विकत घ्यायची, तिच्यावर खोल्या बांधायच्या, त्या भाड्यानं द्यायच्या आणि आलेल्या भाड्यातून पुन्हा जमीन घ्यायची, असा बेत मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मास्तरांना सांगितला. मास्तर म्हणजे माझे यजमान. मिशनच्या शाळेत शिकवायचे, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पहिली जमीन कशातून घ्यायची?" मला असा संताप आला! एवढा सुंदर बेत मी त्यांच्यापुढे मांडला आणि हा माणूस त्यात नेमकी खोट काढतो.

तेव्हा लढाई चालू होती. आज ज्याला श्रीरामपूर म्हणतात ते तेव्हा रेल्वे स्टेशनाभोवती नुकतंच फुगू लागलेलं बाजाराचं गाव होतं. आम्ही त्याच्या जवळच मिशनच्या कंपाउंडात राहायचो, एक खोली आणि एक पडवी. खोली चांगली हवेशीर होती, पण आपली नव्हती. भिंतीला खिळा मारायचा तर मिशनच्या साहेबांना विचारावं लागे. मी विचारायला गेले तर ते म्हणाले, एकच मारा. मी त्या एका खिळ्याला मास्तरांचा कोट, छत्री, घंगाळ्याचं झाकण आणि सासूबाईंची जपमाळेसारखी जपलेली कांद्याची वेणी असं सगळं टांगलं आणि मनात म्हटलं, थांबा, माझ्या घरात मी भिंतीची चाळण करीन.

पगार दोघांचे. मी मुलींना शिवण शिकवायचे. पण ते पगार असे होते की महिन्याच्या मध्यावरच त्यांचा मागमूस राहत नसे. तेव्हा मी धान्याला हात घातला. आमच्या ख्रिस्ती घरांत एक रीत होती. जात्यावर दळायला बसण्याआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. ते मडकं देवाचं, महिनाअखेर ते चर्चला जायचं. सासूबाई त्या बाबतीत फार कडक. त्या मडक्याशेजारी मी आणखी एक मडकं मांडलं.

"हे कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"घराचं."

"घराला भूक लागते होय?"

"लागणार आहे, आई. फार लागणार आहे."

त्यांनी काही हरकत घेतली नाही. फक्त देवाच्या मुठीपेक्षा घराची मूठ मोठी होत नाही ना, एवढ्यावर त्यांचा डोळा असे. माझी मूठ जरा सैल पडली की त्या माझ्या मडक्यातले चार दाणे उचलून देवाच्या मडक्यात टाकत. मी त्यांची पाठ वळली की परत काढून घेई. आता सांगायला हरकत नाही, देवाचं एका दाण्याचंही नुकसान मी केलं नाही, माझे तेवढे मी परत घेतले.

पैसे साठवले असते तर ते पैसेच राहिले असते. ज्वारी साठवली म्हणून बरकत आली. लढाईनं धान्याचा भाव असा चढवला की मी मडक्यावरून रांजणावर गेले, कडुनिंबाचा पाला घालून ज्वारी राखली आणि भाव पाहून थोडी थोडी विकली. बाकी काटकसर चहूबाजूंनी चालूच होती. साखर कारखान्याच्या मळीचा वास रोज घरात यायचा आणि आम्ही गुळाचा चहा प्यायचो, तोही पाहुणे आले तर. मास्तरांचा कोट विटला तेव्हा मी तो सबंध उसवला, कापड उलटं केलं आणि पुन्हा शिवला. नवाकोरा दिसला. फक्त छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला. शाळेतली पोरं हसली, मास्तर त्यांच्याबरोबर हसले, आणि वर्षभर पेन काढायला रिकाम्या बाजूला हात घालत राहिले.

अशी माया जमली तेव्हा मी जमीन शोधू लागले. स्टेशनापलीकडे एका शेतकऱ्यानं आपलं रान तुकडे पाडून विकायला काढलं होतं. काळी माती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कंपाउंडातले लोक म्हणाले, तिथं माणूस कशाला राहायला जाईल? मी म्हटलं, कारखाना आहे, रेल्वे आहे, बाजार आहे, माणूस कुठंतरी झोपणारच. रानाच्या बांधावर ओळीनं चार बाभळी होत्या. मालकानं त्यांच्यावरूनच तुकडे पाडले होते. आम्हाला उभं करून तो म्हणाला, "रस्त्याकडून ही पहिली बाभूळ, ती दुसरी. दोन्हींच्या मधली जागा तुमची, मागं कालव्याच्या चारीपर्यंत. दुसरी ते तिसरी, ती नेवाशाकडच्या एका बाईनं घेतलीय."

व्यवहार झाला त्या रविवारी उपासना आटोपून मी मास्तरांना थेट तिथं घेऊन गेले. मला हसू आवरत नव्हतं. इथं चूल, इथं ओटा, इथं भाडेकरूंची खोली, असं करत मी त्या धसकटांतून नुसती नाचत होते. मग चुलीच्या जागी बसले आणि मास्तरांना म्हणाले, "आता बाहेरून या. दारातून." ते रस्त्यापर्यंत गेले, वळून आले, आणि जिथं दार होणार होतं तिथं त्यांनी खरंच चपला काढल्या. ढेकळांतून अनवाणी माझ्यापर्यंत आले. काटे बोचत होते, पण चेहरा पाहुण्यासारखा गंभीर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेबांचा निरोप आला की मुलांचं वसतिगृह वाढवायचं आहे, आमची खोली त्यात जाईल, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दुसरीकडे सोय करावी. सासूबाई घाबरल्या. म्हातारपणी कुणाच्या दारात जायचं, म्हणून त्यांचं जेवण तुटलं. जूनच्या आत डोक्यावर छप्पर आलं नाही तर आम्ही तिघं आणि आमचे रांजण रस्त्यावर, एवढं साधं गणित होतं. मी म्हटलं, घाबरायचं कशाला, बांधायला घेऊ. हातात दमडी उरली नव्हती. मग मी तीन खोल्या मनात बांधल्या, एक आम्हाला ठेवली आणि उरलेल्या दोन भाड्यानं देऊन टाकल्या. एक कारखान्यातल्या फिटरला, एक रेल्वेच्या पॉइंटमनला. दोघांकडून आगाऊ भाडं घेतलं. फिटरनं विचारलं, "खोली बघायला कधी येऊ?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात या, तेव्हा जास्त चांगली दिसते." त्या पैशांतून विटा आल्या.

आणि त्यातच नाताळ आला. नाताळची वर्गणी मागायला पाळकसाहेब स्वतः घरोघर फिरत. आमचा सगळा जीव विटांत अडकलेला. नाही म्हणायची तर सोय नाही, द्यायला तर काही नाही. पाळकसाहेब सहज म्हणाले की दरवर्षी नगरहून सुरूचं झाड येतं, पण यंदा पेट्रोलच्या तुटवड्यामुळं लॉरी मिळत नाही, झाडाचं काय करावं कळत नाही. मी ताडकन उभी राहिले. "झाड आमच्याकडून!" म्हटलं. "आमच्या जागेत बाभूळ आहे, छान डेरेदार. तरणी पोरं पाठवा आणि तोडून न्या." दुसऱ्या बाभळीत निम्मा वाटा नेवाशाच्या बाईचा, ती द्यायचा मला अधिकार नव्हता. व्यवहाराला मी चोख. म्हणून रस्त्याकडची पहिली दिली. पोरांनी ती मुळासकट उपटली आणि खड्डाही बुजवून दिला. वर्गणी वाचली, झाड काढायची मजुरी वाचली, आणि चर्चमध्ये सगळ्यांपुढे माझे आभार मानले गेले. एका दगडात मी इतके पक्षी कधी मारले नव्हते.

आणि काय झाड दिसलं ते! जिनिंगमधला कापूस आणून पोरांनी फांद्यांवर टाकला, तो काट्यांना असा धरून बसला की सुरूवर कधी बसला नव्हता. दरवर्षी झाडाला टांगलेल्या गोळ्या नाताळच्या आधीच गायब व्हायच्या. त्या वर्षी एकीलाही कुणी हात लावला नाही. पाळकसाहेबांचा झगा मात्र उपदेश चालू असताना बाभळीत अडकला आणि ते पुढचा उपदेश तिथंच उभे राहून करते झाले.

जानेवारीत गवंडी आला. मी त्याला स्वतः जागेवर नेलं, बोट दाखवलं आणि बजावलं, "रस्त्याकडून पहिली बाभूळ आणि दुसरी बाभूळ, यांच्या मधोमध पाया आखा." त्यानं दोरी लावली, फक्की टाकली. मास्तर इकडे तिकडे बघत म्हणाले, "रस्त्यापासून जरा आत गेल्यासारखं वाटत नाही?"

"बरंच झालं," मी म्हटलं, "धूळ येणार नाही."

नंतर मी रोज शाळा सुटली की तिकडे धावायचे. भिंत वीतभर वर आली की मला वाटे मीच वीतभर वाढले. सिमेंट मिळत नव्हतं, चिखलात विटा बसवल्या आणि वरून चुना. मी पदर खोचून गारा तुडवला, सासूबाईंनी कोवळ्या उन्हात बसून विटा भिजवल्या. फिटर बघायला आला तेव्हा भिंती कमरेएवढ्या होत्या. मी त्याला त्याची खिडकी दाखवली. त्यानं कोपर टेकून बाहेर पाहिलं आणि हवा चांगली येते म्हणाला.

घरापुढे, रस्त्यापर्यंत, एक छान मोकळा तुकडा होता. कुणाचा कोण जाणे, सरकारी असावा. जमीन अशी उघडी पडलेली मला बघवत नसे. आधी मी तिथं थोडं सरपण रचलं. कुणी काही बोललं नाही. मग शेळी बांधली. मग भोपळ्याचे वेल लावले आणि वेलांना म्हशी तोंड लावतात म्हणून बोराटीचं कुंपण घातलं. मास्तरांना ते अजिबात आवडलं नाही. "परक्याच्या जागेवर असा डोळा ठेवू नये," म्हणायचे. मी म्हणायचे, "डोळा कुठं, भोपळा ठेवलाय." ते जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझ्या नावानं क्षमा मागू लागले. मी डोळे मिटून ऐकायचे आणि आमेन म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कुंपण थोडं पुढे सरकवायचे.

अक्षय तृतीयेला भिंती चौकटीच्या वर गेल्या होत्या. त्या सकाळी एक बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीतून एक उंच, काळीसावळी बाई उतरली. हातात नारळ, हळदकुंकवाची पुडी, बरोबर एक गवंडी. तिनं आमच्या घराला सावकाश एक वेढा घातला, भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, ह्ये घर कुनाचं हाय?"

"आमचं," मी छाती फुगवून म्हटलं.

"लई झ्याक बांदलंय. मंग माजी जागा कुटं गेली?"

ही नेवाशाची बाई, हे माझ्या लक्षात आलं. मी तिला प्रेमानं समजावून सांगितलं. ही पहिली बाभूळ, ही दुसरी, हिच्या पलीकडची तुमची. तिनं मान हलवली, पदर सावरला आणि बोटानं मोजलं.

"जागा घेताना मला चार बाभळी दावल्या हुत्या. हितं तर तीनच हायेत. एक कुटं गेली?"

मी तोंड उघडलं. पण शब्द निघायच्या आतच पलीकडे विटा भिजवत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ती होय? ती आम्ही देवाला दिली."

मी मटकन सरपणावर बसले. सगळं एकदम दिसलं. ज्या सरपणावर मी बसले होते त्याच्याखालची जमीन माझी होती. शेळी बांधली ती जागा माझी. भोपळ्याखालची माती माझीच. इतके दिवस मी चोरपावलांनी माझ्याच जागेवर अतिक्रमण करत होते आणि मास्तर देवाकडे त्याचीच क्षमा मागत होते. परक्याच्या जागेत काय होतं, तर घर तेवढं! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी हातात वीट असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. शाळा उघडायला महिना उरला होता. भाडेकरूंचे पैसे भिंतीत गेले होते. या बाईनं उद्या म्हटलं असतं की माझ्या जागेतलं घर माझं, तर आम्ही कुठं जाणार होतो?

बाई माझ्या शेजारी सरपणावर बसली. पाणी मागितलं. ती पाणी पीत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं, मुठीचं मडकं, रांजण, उलटा कोट. का सांगितलं देव जाणे, भीतीनं माझी जीभ सुटते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी बी लोनी इकून साटवलं. बाजाराला येती तवा घटकाभर टेकायला जागा न्हाई. एक खोली पायजे, बास." तिनं रस्त्याकडे नजर टाकली. "जागा बदलून घिऊ. ही तुमाला, रस्त्याकडची मला."

कुणीही तिच्या पाया पडलं असतं. मलाही तेच करायचं होतं. पण रस्त्याकडची जागा जास्त मोलाची, पुढं तिथं दुकानं निघणार हे मला त्या भेदरलेल्या अवस्थेतही दिसत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग वरचे पैसे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माज्या जागंत घर बांदलं, आन् वरचे पैसं बी मागताय?" आणि ती अशी खदखदून हसली की बैल दचकले. "पैसं न्हाई. पर आपल्या दोघींमधली बाभूळ पुरती तुमी घ्या, दाराच्या फळ्या करा. आन् भोपळे ऱ्हाऊ द्या मला." मी भोपळे दिले. मग तिनं नारळ हातात घेतला, आणलाच हाय तर फोडते म्हणाली, आणि आमच्या उंबऱ्याच्या जागेवर फोडला. सासूबाईंनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि खोबरं चटणीला ठेवून घेतलं.

अदलाबदलीच्या कागदांसाठी सगळे तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं तिला पुढे बोलावलं, जागा तिच्या स्वतःच्या नावावर होती. मग मास्तरांना बोलावलं. मला म्हणाला, तुमचं काही काम नाही, तुम्ही बाहेर बसा. मी निघाले. त्यात मला काही वावगं वाटलंही नाही. बाईनं मात्र माझा हात धरला.

"तुमचं नाव न्हाई व्हय कागदावर?"

"मास्तरांच्या नावावर आहे."

"मंग मूठ कुनाची हुती?"

मास्तरांनी ते ऐकलं. ते कारकुनाच्या टेबलाकडे वळले. मग म्हणाले, येणारी जागा माझ्या पत्नीच्या नावानं करायची आहे. कारकून वैतागला. म्हणाला, असं सरळ होत नाही, आधी तुमच्या नावावर घ्या, मग वेगळं बक्षीसपत्र करा, त्याचा स्टॅम्प वेगळा.

"वेगळा स्टॅम्प?" मी दारातून ओरडले. "अहो, काही गरज नाही! उगाच खर्च!"

माझ्या काटकसरीपुढे मास्तर कधी बोलत नसत. उलटा कोटही त्यांनी मुकाट्यानं घातला होता. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "लिहा," कारकुनाला म्हणाले. मी दारात उभी राहून स्टॅम्पाच्या पैशासाठी हळहळत होते आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळत नव्हतं.

पत्रे चढले, शाळा उघडायच्या आत आम्ही राहायला गेलो. फिटर आला, पॉइंटमन आला. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला दोघांनी उरलेलं भाडं माझ्या हातावर ठेवलं. मी इतकी हवेत होते की तशीच आत गेले आणि मास्तरांपुढे तळवा पसरला. "मालकिणीचं भाडं?"

"किती?" त्यांनी विचारलं.

"फिटर देतो तेवढंच. शिक्षकांना सवलत नाही."

त्यांनी उजव्या बाजूच्या खिशातून पैसे काढून दिले. मला वाटलं, एका दिवसाची गंमत. पण पुढच्या एक तारखेला ते आपणहून आले, दारावर टकटक केली आणि भाडं दिलं. मग दर महिन्याला. पगार वाढला तेव्हा मी भाडं वाढवलं, त्यांनी घासाघीस केली, दोन दिवस रुसवा झाला आणि शेवटी दिलं. ते पैसे मी निराळे ठेवायचे. चौथी खोली त्यांतून उभी राहिली, मागची विहीर त्यांतूनच. पेन्शनीत गेल्यावरही त्यांचं भाडं चुकलं नाही. तब्येत बिघडली तेव्हा कॉटवरून हात वर करून द्यायचे आणि पावती मागायचे.

ते गेले त्याच्या पुढच्या एक तारखेला भाडेकरू एकेक करून येऊन गेले. सगळ्यांचं भाडं आलं. तरी मी संध्याकाळपर्यंत दारात खुर्ची टाकून बसून राहिले. मला मास्तरांचा फार राग आला होता. एवढ्या वर्षांत, एवढ्या भाडेकरूंत, भाडं न देता घर सोडून गेले ते हे एकटेच.